आभार मानायचे नाहीत

३ नोव्हेंबर

पोचले एकदाची! सुंदस्वालहून चार तास गाडी हाकली आणि वाटेत दोनदाच शिव्या घातल्या. एकदा लाकडाच्या ट्रकला, एकदा रस्त्यात ठिय्या देऊन बसलेल्या रेनडिअरला. म्हणजे माझ्या मानाने प्रवास अगदी गोडीगुलाबीत झाला. सव्वीस वर्षं शहराची बस चालवणारी गुनेल स्वतःच्या मर्जीने चार महिने बिनपगारी सुट्टी घेते, हे डेपोत कोणी खरं मानेना. एकजण म्हणाला, तू गेल्यावर आम्हाला झापणार कोण? म्हटलं, रोज सकाळी फोन करून झापेन.

अडीचला अंधार पडायला लागला होता, तरी जिना शिट्टी वाजवतच चढले. आईचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, पिवळं स्वयंपाकघर, खिडकीखाली हीटर. आठ वर्षांपूर्वी तिने सुंदस्वाल सोडलं, ग्रानसेलेत येऊन राहिली आणि यंदा मार्चमध्ये पडली म्हणून वृद्धाश्रमात गेली. जुलैत तिथेच वारली. घर फेब्रुवारीअखेर रिकामं करायचं आहे. त्याआधी, ११ फेब्रुवारीला सकाळी दहा वाजता, चौकशी समितीपुढे मला वीस मिनिटं बोलायचं आहे. त्यासाठीच तर आले. त्या वीस मिनिटांत मी वृद्धाश्रमवाल्यांची अशी बिनपाण्याने करणार आहे की पुन्हा कुणाच्या आईच्या बाबतीत त्यांची छाती होणार नाही. अकरा पानं लिहून तयार आहेत.

सामान लावतेय तोवर खालच्या मजल्यावरची डागनी आली. त्र्याऐंशी वर्षांची, चिमणीएवढी, गोड. नव्या घराची म्हणून पाव आणि मीठ घेऊन आली, आणि काखेत एक कुंडी. कुंडीत निवडुंग, पांढऱ्या लांब केसांचा, फूटभर उंच. लोक याला म्हातारा म्हणतात ते उगाच नाही. मागून बघितलं तर खरंच कोणी आजोबा पाठ करून बसल्यासारखे वाटतात. पण हा एका बाजूला कलला होता, केस तेलकट पिवळे, आणि बुडाशी कुजका वास. डागनी म्हणाली, तुझ्या आईचाच आहे गं, ती गेल्यापासून मीच सांभाळला, रोज न चुकता पाणी घातलं.

रोज! वाळवंटातल्या झाडाला!

तरी तोंडातून 'आभारी आहे' निघणारच होतं. आम्हा लोकांना ती खोडच आहे, बसमधून उतरतानासुद्धा आभार मानतो. पण दिलेल्या रोपट्याचे आभार मानायचे नाहीत, मानले की ते मरतं, हे मी पाच वर्षांची असताना आईने पाठीत धपाटा घालून शिकवलं होतं. जीभ चावली. डागनी खुदकन हसली. म्हणाली, शाब्बास पोरी, आईने वळण लावलंय.

४ नोव्हेंबर

सकाळीच म्हाताऱ्याला कुंडीतून उपटला. खाली नुसता काळा चिखल आणि मुळं शेवाळासारखी गिळगिळीत. खालचा चार बोटं भाग दाबला तर आतून तपकिरी पाणी आलं. डागनी म्हणे प्रेमाने पाणी घालत होती. असलं प्रेम चुलीत घाला.

आईची मासे कापायची बारीक सुरी होती, ती स्पिरिटने पुसली आणि बुडापासून एकेक चकती कापत गेले. प्रत्येक चकतीत मधोमध तपकिरी कडं दिसतं तोवर थांबायचं नाही, कारण डाग राहिला की कुजणं वर चढतंच. सहा चकत्या गेल्या, सातवी स्वच्छ निघाली, फिकट हिरवी, ओल्या काकडीसारखी. उरला तो वीतभर. त्याला रिकाम्या बरणीच्या तोंडावर उभा करून ठेवलाय. आता तीन आठवडे पाण्याचा थेंब नाही. जखम कोरडी होऊन तिच्यावर खरखरीत खपली धरली पाहिजे.

इतकी खटपट का करतेय, तर खिडकीत ठेवलेला जीव लोकांच्या हलगर्जीपणाने मरतो हे मला आता बघवत नाही. याला बुडवून मारत होते आणि आईला तहानेने मारलं. जुलैतला तो उकाडा, कायमचे कर्मचारी सुट्टीवर, बदलीची पोरं फोनमध्ये डोकं खुपसून. पाण्याचा पेला आईच्या पलंगापासून हातभर लांब ठेवलेला. त्यात नळी होती. मी गेले तेव्हा त्या नळीवरचं कागदी वेष्टणसुद्धा काढलेलं नव्हतं. आणि तक्त्यावर सहा दिवस, दिवसातून आठ वेळा, एकाच हस्ताक्षरात खूण: पाणी प्यायल्या. वृद्धाश्रमाची प्रमुख व्हिवेका मला म्हणते कशी, तुमच्या आईने मागितलंच नाही हो, किती शांत बाई!

शांत? माझी आई? जिने एकदा भर चौकात पोलिसाची टोपी उडवली होती ती? हे लिहितानाही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

९ नोव्हेंबर

या इमारतीत काहीतरी भलतंच आहे. तळघरातल्या सगळ्यांच्या सामाईक धुलाईघरात एकही चिठ्ठी नाही.

ज्याने धुलाईघर वापरलंय त्याला कळेल मी काय म्हणते ते. सुंदस्वालला आमच्याकडे भिंत दिसत नाही इतक्या चिठ्ठ्या असतात. 'जाळीतला कचरा काढायला तुझी आई येणार का?' 'दुसऱ्याच्या वेळेत मशीन लावणाऱ्याचे मोजे मी जाळलेत.' तोंडावर कोणी ब्र काढत नाही, पण चिठ्ठीवर प्रत्येकजण वाघ. इथे फलक कोरा. एकच टाचणी, तीसुद्धा गंजलेली.

आणि माझ्या वेळेत मशीनमध्ये दुसऱ्याचे कपडे. लगेच चिठ्ठी लावली, मोठ्या अक्षरांत. तासाभराने वरच्या मजल्यावरचा सिक्स्टेन दारात उभा. सहा फूट चार इंच, जन्मभर जंगलात झाडं तोडलेला, बोटांच्या पेरांवर मारामारीचे जुने वण. मला वाटलं, चला, आता जुंपणार. बाह्या सरसावल्या. तर तो बापडा माफी मागायला लागला. मी त्याला मेंगळट म्हणाले, नंदीबैल म्हणाले, तो हसतच राहिला. शेवटी माझी कपड्यांची टोपली स्वतः वर आणून दिली. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? भिंतीवर डोकं आपटल्यासारखं झालं.

२६ नोव्हेंबर

खपली धरली. नाक्यावर निसरड्या रस्त्यासाठी नगरपालिकेने खडीची पिवळी पेटी ठेवलीय, तिच्यातून दोन डबे बारीक खडी उचलून आणली, सात पाण्यांनी धुतली, ओव्हनमध्ये वाळवली आणि म्हाताऱ्याला तिच्यात रोवला. ग्रंथालयातल्या पुस्तकात लिहिलंय, मार्चच्या आधी मुळांची आशा धरू नका, या उजेडात शक्यच नाही. नसेल. मी काय पुस्तकाला विचारून रागावते का, मग झाड तरी का विचारून वाढेल?

त्याचे केस साबणाच्या पाण्याने दातांच्या ब्रशने धुतले. वाळल्यावर आईच्या कंगव्याने विंचरले. पांढरेशुभ्र झाले. विंचरता विंचरता आईची वेणी आठवली आणि मग मला असा संताप आला की त्या म्हाताऱ्यालाच फैलावर घेतलं. म्हटलं, मुकाट्याने कुजत बसलास, बोलला का नाहीस? तीसुद्धा बोलली नाही. तुम्हा सगळ्यांना तोंडं कशाला दिलीत? अर्धा तास बोलले. घसा बसला. पण मोकळं वाटलं, आणि जुलैपासून पहिल्यांदा रात्रभर झोप लागली.

५ डिसेंबर

मुळं फुटली! नऊ दिवसांत! हलकेच हलवून पाहिला तर खडी घट्ट धरून बसलाय. दिवसाचा उजेड इनमिन चार तास, तोही दुधाळ, आणि याच्या शेंड्यावर नवे केस, कापसासारखे.

मात्र एक गंमत आहे. झाडं खिडकीकडे झुकतात. हा माझ्या खुर्चीकडे झुकलाय. कुंडी फिरवून ठेवली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीकडे.

रोज दुपारी त्याच्यापुढे बसून माझी अकरा पानं मोठ्याने वाचते. समिती समजून. कधी त्याला व्हिवेका समजून. वाचता वाचता त्याचे केस हलतात, हीटरच्या गरम हवेने असेल. वाचून झालं की अंग कसं हलकं होतं. वर रोजचा कचराही त्याच्याच डोक्यावर ओतते, पहाटे साडेचारला भोंगा वाजवत रस्ता साफ करणारी बर्फाची गाडी, पोस्टातली नाक उडवणारी बाई, वीस वर्षांपूर्वी सोडून गेलेला माझा नवरा शेल. म्हातारा सगळं ऐकतो आणि वाढतो. लोक झाडांना गाणी म्हणून दाखवतात, याला शिव्या लागतात. माझ्याच जातीचा निघाला.

१४ डिसेंबर

काल लुसियाचा सण. डोक्यावर मेणबत्त्या घेतलेल्या पोरी दुकानाच्या दारात गात होत्या. तिथेच व्हिवेका भेटली, केशरी पावांची पिशवी हातात. मी याच क्षणाची पाच महिने वाट पाहत होते. पुढे होऊन म्हणाले, त्या नळीवरचा कागद अजून माझ्याकडे आहे. तिचा चेहरा पडला. अजून खूप बोलायचं होतं. पण तेवढ्यात वाटलं, पोरी गातायत, कशाला. आणि मी बाजूला झाले.

घरी येऊन स्वतःवरच चिडले. मग म्हाताऱ्यापुढे बसून तिला जे बोलायचं होतं ते सगळं बोलले, एकेक शब्द. संध्याकाळी झोपले ती आज दहालाच उठले. उठल्यावर काय बोलले होते ते आठवेना.

म्हातारा आता जुन्या उंचीच्याही वर गेलाय. मी याला अजून पाणी घातलेलं नाही. एक थेंब नाही.

२७ डिसेंबर

शेलचा नाताळचा फोन आला. दरवर्षी तो फोन करतो आणि मी त्याची हजेरी घेते, ही आमची प्रथाच आहे. यंदा मी त्याला शुभेच्छा दिल्या. त्याच्या नव्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी केली. तो घाबरून विचारायला लागला, गुनेल, तुला काही आजार तर नाही ना?

हसू आलं. वय झालं बहुतेक. बर्फाची गाडीही आता खटकत नाही. डागनी म्हणाली, चेहऱ्यावर तेज आलंय हो तुझ्या, अगदी तुझ्या आईसारखी दिसायला लागलीस. आईसारखी, शेवटी शेवटी होती तशी.

ते मात्र खरं. शेवटची काही वर्षं आई फोनवर फार गोड बोलायची. आधी आम्ही दर रविवारी तासभर कचाकचा भांडायचो. मग ती म्हणायला लागली, हो बाळा, बरोबर आहे बाळा. मला वाटलं, चला, म्हातारपणी सुधारली. मग माझं इथे येणंही कमी झालं. भांडण नाही तर बोलायचं काय?

९ जानेवारी

अकरा पानांची सात झाली आहेत.

मी कापलीत. अक्षर माझं, पेन माझं. समासात लिहिलंय: 'हे जरा जास्त होतं.' 'त्यांचीही बाजू असेल.' कधी लिहिलं? वाचून पहिल्यांदा इतकी तिडीक गेली डोक्यात की पेन फेकलं. फोडते एकेकाला, म्हटलं. परत सगळं लिहून काढते. बसले तावातावाने आणि लिहिण्याआधी सवयीने मोठ्याने म्हणून पाहिलं, म्हाताऱ्यासमोर.

आणि मग वाटलं, सात पुरेत.

१७ जानेवारी

चार पानं.

नळीबद्दलचं वाक्य खोडलेलं आहे. नळीवरचा कागद. तो का महत्त्वाचा होता ते मला आज दुपारभर आठवेना. कागद पाकिटातून काढून पाहिला. पांढरा कागद आहे. मी रडले नाही, चिडले नाही. मला भीती वाटली. पण तीसुद्धा लांबून, शेजारच्या घरात कोणाला तरी वाटत असल्यासारखी.

खुर्ची दुसऱ्या खोलीत नेली. तिथे बसून वाचायचं.

१८ जानेवारी

म्हातारा दरवाजाकडे झुकलाय. दुसऱ्या खोलीच्या.

२२ जानेवारी

डागनीकडे कॉफीला गेले आणि सरळ विचारलं, हे झाड काय आहे?

ती अजिबात दचकली नाही. दालचिनीचा पाव पुढे सरकवला आणि गोष्ट सांगावी तसं सांगितलं. तिचा नवरा हिल्डिंग दारू प्यायचा, ताटं फेकायचा, तिची बरगडी मोडली होती. एकसष्ट साली तिच्या बोटीवरच्या भावाने मेक्सिकोहून हा निवडुंग आणला. हिल्डिंगच्या खुर्चीशी ठेवला. एका हिवाळ्यात तो कोकरू झाला. मग कळलं तिला. मग इमारतीत जो जो तापट आला त्याच्या खिडकीत एक हिवाळा, दोन हिवाळे. भावाचं डोकं फोडायला निघालेला सिक्स्टेन. धुलाईघरातली ती भांडणं, त्या चिठ्ठ्या. सगळं मिटलं. बघ ना, म्हणाली, किती शांतता आहे या घरात.

आणि आई?

तुझी आई आली तेव्हा तर बाई बाई, म्हणाली, पहिल्याच आठवड्यात तिघांशी भांडण! मी म्हटलं, बिचारीला इतका त्रास होतोय रागाचा. नेऊन दिला. तिनेही आभार मानले नाहीत, वळणाची बाई. सात वर्षं तिच्याकडे राहिला, सगळ्यांत जास्त. किती गोड झाली होती!

हिल्डिंगचं काय झालं, मी विचारलं. वीस वर्षं खिडकीशी बसला, डागनी म्हणाली, शेवटी शेवटी भूक लागली तरी मागायचा नाही. तहान लागली तरी नाही.

हे तिने सांगितलं. मी ऐकलं. मी तिच्या घरात कपबशा फोडायला हव्या होत्या. म्हातारीला खांदे धरून गदागदा हलवायला हवं होतं. मी म्हटलं, पाव छान झालाय.

घरी येऊन लिहितेय, कारण उद्या आठवेल याची खात्री नाही. हिने आईचा राग काढून घेतला. पेला हातभर लांब होता आणि आईने हाक मारली नाही, कारण हाक मारायला जे लागतं ते या झाडात होतं. हे मी मोठ्या अक्षरांत लिहिते. आईने मागितलं नाही ते म्हणून.

२९ जानेवारी

म्हातारा कचऱ्याच्या खोलीपर्यंत नेला. झाकण उघडलं. हात सोडायचा फक्त. उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. सिक्स्टेन आला, म्हणाला, थंडी आहे, आत चल. चालले. कुंडी हातातच.

फेकायला निदान चिडावं लागतं.

४ फेब्रुवारी

टेबलावर पेला होता. भरलेला. सकाळपासून तहान होती. ओठ फुटले. हात लांबवायला काही कारण सापडेना. संध्याकाळी डागनी आली, तिने पाजलं. असं होतं तर, आई. असं होतं.

७ फेब्रुवारी

अर्धं पान. शेवटचं वाक्य— कोणाचाच दोष नाही. छान अक्षरात.

म्हातारा छातीपर्यंत आलाय. केस जमिनीला टेकतात. विंचरत नाही मी. सकाळी कंगव्यात केस असतात—

१० फेब्रुवारी

आज मागची पानं वाचली. पहिल्या पानावर— जीभ चावली, असं लिहिलंय. धपाटा. आभार मानले की मरतं.

आईने मानले नाहीत. सिक्स्टेनने नाहीत. कोणीच नाही, एवढ्या वर्षांत. सगळे वळणाचे. सगळ्यांच्या आयांनी शिकवलेले.

फेकायला राग लागतो. कापायला लागतो. आभार मानायला लागत नाही. ते मला अजून येतं. उद्या सकाळी. समितीच्या आधी.

११ फेब्रुवारी, सकाळी सव्वासात

मानले! डागनी दारात कॉफी घेऊन आली. म्हटलं, डागनी, झाडाबद्दल मनापासून आभारी आहे. तिचा कप पडला. नको गं पोरी, म्हणाली, परत घे, परत घे तो शब्द, तुला माहीत नाही त्यात काय काय आहे. मी दार लावलं.

मागे आवाज झाला, ओलं फडकं पडावं तसा. म्हातारा कोसळून बसला होता. खिडकीवरून तपकिरी पाणी गळतंय, हीटरवर पडून चुरचुरतंय, केस सगळे त्या पाण्यात.

आणि आला. आला परत! पायांपासून वर, माझा, माझा राग! नळीवरचा कागद! अठ्ठेचाळीस खोट्या खुणा! एकच अक्षर! अकराची अकरा पानं तोंडपाठ आहेत मला, विचारा कुठूनही! थांबा व्हिवेकाबाई, किती शांत बाई म्हणालात ना, दाखवते आता शांत! दहा वाजता—

साडेसात

थांबत नाहीये. शेल. बर्फाची गाडी. ते ठीक, ते माझंच. पण भावाने जंगल परस्पर विकलं, हरामखोर, त्याचं डोकं— मला भाऊ नाही. मला भाऊच नाही! ताट गार आहे, रोज गार, ही बाई मुद्दाम गार वाढते, बरगडी— कोणी माझे मोजे घेतले, माझी वेळ होती, त्र्याहत्तर सालची माझी वेळ—

वर सिक्स्टेनकडे काही फुटलं. त्याचा राग त्याला परत गेला नाही, तोही माझ्याकडे आहे. सगळ्यांचं माझ्याकडे. निब कागदातून आरपार जातेय.

माझं कुठलं? अकरा पानं होती. पहिलं वाक्य, आईचं नाव. समितीपुढे आधी नाव सांगायचं. तिचं नाव— हिल्डिंग नाही. तिचं—

आठ?

अल्फहिल्ड. अल्फहिल्ड! सापडलं. सगळ्यांत खाली होती. सात वर्षांचा तिचा राग. ती हाका मारतेय. पाणी. अगं कोणी आहे का. पाणी द्या. मोठ्याने मारतेय, आई, ऐकू येतंय मला, आता ऐकू येतंय—

बेल.

डागनी आहे. दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून बोलतेय, गोड. पाणी आणलंय म्हणते. पोरी, दार उघड, झाडाला घालू, वाचेल अजून, पाणी आणलंय मी.

आत्ता. आत्ता पाणी घेऊन आली.

आई म्हणते, उघड. सगळे म्हणतात, उघड. सुरी ओट्यावर आहे, चकत्या कापलेली. हातात कधी घेतली. नाही. नाही, आई, दहा वाजता मला समितीपुढे जायचंय, तुझ्यासाठीच, वीसच मिनिटं, आई, मला दहा वाजता—

कडी मीच काढ